थांबलेली रोपं

ट्रेमधली भाताची रोपं लावणीला आली आणि नेमका पितृपंधरवडा लागला. विजयलक्ष्मीनं ठरवलं, आता अमावास्या होईपर्यंत शेताला हात लावायचा नाही. झालं! सगळं बिनसलं ते तिथूनच.

तसं बघाल तर पंधरवड्याचं कुणाचं काही म्हणणं नव्हतं. कुंभकोणमजवळच्या या तिरुनीलक्कुडी गावात बरीच माणसं महालयाच्या दिवसांत नवीन काम काढत नाहीत. पण हातानं लावायच्या रोपाला आठ दिवस इकडेतिकडे चालतात, लावणीच्या यंत्राच्या रोपाला नाही चालत. ती रोपं ट्रेमध्ये चटईसारखी वाढवतात, आणि पेरल्यापासून पंधरा दिवसांच्या आसपास ती चटई यंत्रावर चढलीच पाहिजे. हे विजयलक्ष्मीला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. तरी ती थांबली, कारण तिचा मुलगा उमेश येणार होता.

या गल्लीत एके काळी, पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी माणसांची पाच-सहा घरं होती. कुणी कुंभकोणमला गेलं, कुणी चेन्नईला, कुणी आणखी लांब. राहिलं हे एकच. नवरा व्यंकटरमण होता तोवर घरात मराठी होती, भांडण होतं, रात्रीच्या जेवणाला ताकात मीठ जास्त झाल्याची कटकट होती. दोन वर्षांमागे तो गेला. आता बाहेर सगळा दिवस तमिळ, आणि घरात आल्यावर बोलायचं ते व्यंकटरमणाच्या फोटोशी आणि देव्हाऱ्यातल्या विठोबाशी. दोघंही ऐकून घ्यायचे, एवढं मात्र खरं.

उमेशचा फोन दर रविवारी दिवेलागणीला यायचा. "आई, बरी आहेस ना?" तो विचारायचा. "बरी आहे," ती म्हणायची. मग तो चेन्नईतल्या उन्हाबद्दल बोलायचा, शेत कुणाला तरी कसायला देऊन टाक म्हणायचा. "इकडे ये. इथे लिफ्ट आहे," म्हणायचा. अरे बाबा, लिफ्टशी का बोलायचं आहे तिला? पण हे ती त्याला म्हणाली नाही. बरी आहे म्हणाली.

वडिलांच्या तिथीला येतो म्हणाला. तिथीला सुट्टी मिळाली नाही, रविवारी येतो म्हणाला. रविवारी मुलीची परीक्षा निघाली, मग अमावास्येला नक्की म्हणाला. आणि ही बाई गावभर सांगत सुटली. दूधवाल्याला सांगितलं, देवळातल्या गुरुक्कळांना सांगितलं, पाटापलीकडच्या शेतातल्या नटराजला सांगितलं. "उमेश येतोय. बापाला पाणी देईल, मग माझी लावणी." गादी उन्हात घातली. अमावास्येला सकाळी त्याचा फोन आला, की इथेच देवळाच्या तळ्यावर तर्पण उरकलं, गुरुजी फार छान होते.

"बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि गादी आत ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. चटया उचलायला गेले तर मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, की चटई पायपुसण्यासारखी ताठ उठली. यंत्राच्या बोटांना रोप सुटं होईना. एका जागी झुबका, पुढे हातभर काही नाही, पुन्हा झुबका. यंत्र चालवणारा दोनदा उतरला, कपाळ पुसलं, पुन्हा चढला. संध्याकाळी बांधावर उभं राहून बघितलं तर खाचर उंदरांनी कुरतडलेल्या घोंगडीसारखं दिसत होतं.

आता हे खाचर नुसतं तिचं असतं तर ती डोक्याला हात लावून बसली असती, आणि प्रश्न मिटला असता. पण ते गावाला दाखवायचं खाचर होतं. यंत्राच्या कंपनीचा माणूस, श्रीवत्स, मोटारसायकलवरून यायचा, तिला एरवी 'मॅडम' आणि अडचणीत असला की 'अम्मा' म्हणायचा. त्यानं तिला शब्द दिला होता. हे प्रात्यक्षिक नीट झालं तर कंपनी तिला प्रशिक्षक नेमणार. जीप दारात येणार. तिरुविसनल्लूर, तिरुक्करुगावूर, पार पापनाशमपर्यंत गावोगावी लोक बसणार आणि ती बोलणार.

पगाराचंही काही तो बोलला होता, पण तिनं नीट ऐकलं नव्हतं. लोक बसणार आणि ती बोलणार, एवढंच तिच्या कानात राहिलं. तेवढं झालं असतं तर लिफ्टच्या घरात जाऊन बसायची वेळ आली नसती.

श्रीवत्सनं खाचर बघितलं आणि बांधावरून एक फेरी मारली. मग म्हणाला, "मोकळ्या जागांचे नांगे भरून घेऊ. नटराजच्या वाफ्यातली रोपं उरलीयत. बायका बोलवा."

बायका म्हणजे वाणीची टोळी. या गावातली लावणी वर्षानुवर्षं वाणीच्या टोळीनं केलेली. विजयलक्ष्मीची सासू होती तेव्हा शेतातल्या बायकांना कॉफी मागच्या दारी, वेगळ्या तंबलरमधून मिळायची. सासू गेली त्या वर्षी विजयलक्ष्मीनं तो तंबलर मोडीत घातला. व्यंकटरमण गेल्यावर तर वाणी रोज काम सुटलं की पुढच्या ओट्यावर येऊन बसायची. दोघी कॉफी प्यायच्या. वाणी तिला 'अक्का' म्हणायची, आणि सुनेच्या, शेजारणीच्या, सगळ्या जगाच्या चुगल्या सांगायची. मग विजयलक्ष्मीनं यंत्र ठरवलं. का ठरवलं? कारण टोळी निम्मी झाली होती, पोरी तिरुप्पूरच्या कापडाच्या कारखान्यांत गेल्या होत्या, आणि गेल्या साली लावणी उशिरा होऊन पीक पावसात लोळलं होतं. हे सगळं खरं होतं. पण ती वाणीला त्यातलं काही बोलली नाही. यंत्राचे ट्रे दारात येऊन पडले तेव्हाच वाणीला कळलं. त्या दिवसापासून वाणी ओट्यासमोरून खाली मान घालून जायची. फार तर "काय अम्मा" म्हणायची. अक्काची अम्मा झाली, बहिणीची मालकीण. कुठलाही आवाज न होता एवढं अंतर पडलं.

तरी बायका आल्या. काम ते काम. गुडघाभर चिखलात वाकून त्यांनी झुबके विरळ केले, मोकळ्या जागी रोपं खोचली. दोरी नाही, खूण नाही, हाताच्या सवयीनं. श्रीवत्स बांधावरून म्हणाला, "बाहेर कुणाला बोलायचं नाही हं."

वाणीनं कंबर सरळ केली. "पोटावर आलं ते यंत्र," ती म्हणाली, "आणि त्याची अब्रू झाकायला आम्ही. बोलणार कुणाला? हसतील आम्हालाच."

विजयलक्ष्मी तिथेच उभी होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण ती पाण्याचं दार बघायला गेली.

खाचर हिरवं झालं. इकडचा पावसाचा ऐप्पसी महिना लागला, आभाळ रोज भरून यायचं, कावेरीचं पाणी पाटातून लाल वाहायचं. श्रीवत्स रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन तिला बोलायला शिकवायचा. आता बघा, साठीला आलेल्या बाईला हा पोरगा बोलायला शिकवणार!

"लोकांच्या डोळ्यांत बघायचं नाही, मॅडम. घाबरायला होतं. सगळ्यात मागचं झाड असतं ना, त्याच्याकडे बघायचं. त्यांना वाटतं, आपल्याकडेच बघतायत."

"झाडाशीच बोलायचं तर एवढी माणसं कशाला जमवायची, तंबी?" धाकट्या भावाला म्हणतात तसं ती त्याला 'तंबी' म्हणायची.

तो हसला. "हसत बोलायचं. आणि चुकीचं काही सांगायचं नाही. शंभर गोष्टी चांगल्या सांगा, एक चूक सांगा, लोक ती एकच घेऊन घरी जातात."

"पण चटया जून झाल्या हे तरी सांगायला हवं. अर्धं गाव अमावास्येसाठी थांबणारं आहे. पुढच्या वर्षी सगळ्यांचं असंच होईल."

"कुणी विचारलं तर बघू." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, माझ्यावर पण वरून दाब आहे. हे एक खाचर नीट दाखवू या, बास."

पोरगा वाईट नव्हता हो. त्याच्या बुटाला पुढून भोक होतं, ते तिनं बघितलं होतं. त्यालाही नोकरी टिकवायची होती. तो गेला की ती आत जाऊन फोटोपुढे उभी राहायची आणि सगळं भाषण म्हणायची, आधी आपल्या मराठीत, मग तमिळमध्ये. 'यंत्रानं लावलेलं हे भात...' म्हटलं की जीभ जराशी अडखळायची. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. शेवटी शेवटी अडखळेनाशी झाली. याचं तिला बरं वाटायला हवं होतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती. खाचराच्या कडेला मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, देवळाजवळच्या दुकानातून माइक आणला. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आले, नटराज पुढच्या रांगेत बसला. गर्दी भरलेली दिसावी म्हणून श्रीवत्सनं वाणीच्या टोळीलाही बोलावलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा बायकांना मागे, पंपाच्या खोलीपाशी ताडपत्रीवर बसवलं. कागदी कप पुढून फिरत आले, ते मागे पोचेपर्यंत कॉफी संपली. विजयलक्ष्मीनं ते बघितलं, आणि मागच्या नारळाच्या झाडाकडे नजर लावून बोलायला सुरुवात केली.

आणि छान बोलली! आवाज स्वच्छ, हात जागच्या जागी. किती वेळात किती लावणी होते, किती माणसं वाचतात, रोपांच्या ओळी कशा सरळ येतात. श्रीवत्स बाजूला उभा राहून मान हलवत होता. माणसं ऐकत होती. इतकी माणसं तिचं एकटीचं ऐकतायत असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. पण नारळाकडे बघत बोलताना तिला सारखं घरातल्या फोटोपुढे उभं असल्यासारखं वाटत होतं.

"आता मॅडम ओळीतून कोळपं चालवून दाखवतील," श्रीवत्सनं जाहीर केलं.

तिनं लुगड्याचा काष्टा खोचला आणि ती चिखलात उतरली. बिनतारी माइक गळ्यात अडकवलेला. दातेरी चाकांचं हातकोळपं पुढेमागे ढकलत निघाली. ओळ सरळ होती तोवर तण उपटून चिखलात गाडलं जात होतं, चाक खळाखळा फिरत होतं. माणसं उठून बांधावर येऊन बघू लागली. ओळ मध्यावर आली आणि कोळप्याच्या समोर रोपांचा चूड आला. मग दुसरा, जरा डावीकडे. मग तिसरा. ओळ तिथे संपली होती. पुढे वाणीच्या टोळीनं हातानं लावलेलं, हिरवंगार, दाट, कुठल्याच ओळीत नसलेलं भात होतं.

पुढे ढकललं असतं तर दातांखाली ती रोपं चिखलात गेली असती. ढकलायचं, एवढंच. दोन-चार चूड गेले असते, कुणाला कळलं असतं? श्रीवत्स हातानं खुणा करत होता, बाजूनं काढा, बाजूनं काढा. तिनं मान वर केली. नारळाकडे बघायला गेली, पण चिखलातून नारळ मांडवाआड गेला होता. दिसत होत्या त्या पंपाच्या खोलीपाशी उभ्या राहिलेल्या बायका. त्या तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, कोळप्याच्या दातांकडे बघत होत्या.

ती थांबली.

"इथून पुढे कोळपं चालणार नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "कारण ही रोपं यंत्रानं लावलेली नाहीत. ती वाणीनं आणि तिच्या बायकांनी हातानं लावलीयत."

बांधावर कुजबूज झाली. श्रीवत्सचा हात हवेतच राहिला.

"यंत्र माझ्या खाचरात फसलं. चूक यंत्राची नाही, माझी आहे. चटई पंधरा दिवसांत उचलायची असते. मी उचलली नाही. मुळं धरून बसली, रोप सुटेना. नांगे पडले, ते यांनी भरले, आणि कुणाला सांगू नका असं आम्ही यांना सांगितलं."

"का उचलली नाही?" नटराजनं बांधावरूनच विचारलं. साधा शेतकऱ्याचा प्रश्न. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

आता इथे ती 'पितृपंधरवडा होता' म्हणून सुटू शकली असती. सगळ्यांनी माना हलवल्या असत्या. तिनं चिखलाच्या हातानं गळ्यातला माइक सरळ केला, त्याची खरखर साऱ्या मांडवाला ऐकू गेली.

"मुलाची वाट बघत होते," ती म्हणाली. "तो येतो म्हणाला होता, मी तुम्हा सगळ्यांना सांगत होते. तो आला नाही. मला वाटत होतं, रोपं थांबतील. नाही थांबत. तुम्ही थांबू नका. अमावास्या असो, नाहीतर मुलगा येणार असो, चटई तयार झाली की लावा."

कुणीतरी मागून म्हणालं, "घरातलं माइकवर कशाला?" दोघंतिघं हसले. तिचे कान तापले. पण आता सुरुवात झालीच होती.

"आणि यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी मी यंत्रच बोलावणार. बायका पुरत नाहीत, मी एकटी आहे, मला दुसरं जमणार नाही. पण नांगे भरायला हात लागतातच. ते आधी ठरवून ठेवा, आणि ते कुणाचे आहेत हे सांगत जा."

एवढं बोलून ती बाहेर आली. टाळ्या कसल्या वाजतायत! माणसं आपापसात वाद घालत होती, अमावास्येच्या आधी लावणी चालते की नाही यावर. नटराज मात्र जवळ आला आणि चटई नेमकी कशी ओळखायची, मूळ किती उतरलं की उचलायची, हे खोदून खोदून विचारत राहिला. तिनं येत होतं तेवढं सांगितलं. जे येत नव्हतं, ते मला ठाऊक नाही म्हणाली.

श्रीवत्सनं फलक गुंडाळला. "तुम्ही मला आधी सांगायचं होतं," तो म्हणाला. रागावला नव्हता, थकला होता. "आता जीप येणार नाही, अम्मा."

"ठाऊक आहे, तंबी. कॉफी घेऊन जा."

तो न घेताच गेला. बायकाही गेल्या. वाणी तिच्यासमोरून गेली ती एक अक्षर न बोलता. विजयलक्ष्मीला वाटलं होतं, निदान वाणी तरी थांबेल. खरं बोललं की माणसं जवळ येतात असं तिला वाटलं होतं. मांडवाखाली रिकाम्या खुर्च्या, कागदी कप आणि ती. झिमझिम सुरूच होती.

मग कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं ते बोलणं फिरत फिरत चेन्नईला पोचलं. रविवार आला, दिवेलागण झाली. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच खाचरात उतरली. ओळींत कोळपं चाललं. मधल्या भागात ते बांधावर टाकून वाकून हातानंच तण काढायचं होतं. घटकाभरात कंबर धरली. चिखलातला हात वर करून कपाळावरचा घाम पुसावा, तर कपाळाला चिखल. "भोग आपल्या कर्माची फळं," असं मोठ्यानं मराठीत म्हणाली. ऐकायला एक बगळा होता, तो उडाला.

पाटाच्या पलीकडे नटराजच्या खाचरात वाणीची टोळी निंदत होती. दुपारी भाकरतुकड्याला, म्हणजे त्यांच्या डब्यातल्या ताकभाताला, बायका बांधावर बसल्या. वाणी बसली नाही. ती पाट ओलांडून आली, साडी वर खोचली आणि दुसऱ्या टोकाकडून वाकून तण काढायला लागली. दोघी एकमेकींकडे सरकत राहिल्या.

"पुढच्या वर्षी पण यंत्रच म्हणालीस," वाणी वर न बघता म्हणाली.

"हो."

"सगळ्यांच्या समोर."

"हो. खोटं सांगून काय उपयोग?"

वाणीनं तणाची मूठ बांधावर भिरकावली. "त्याचा राग नाही. म्हाताऱ्या झालोय आम्ही, आम्हाला पण दिसतं. पण रोपं ट्रेमध्ये जून होत होती, मुलगा येत नव्हता, तेव्हा मी रोज तुझ्या ओट्यावरून जात होते. तेव्हा एक शब्द बोलली नाहीस. साऱ्या गावाला माइकवर सांगितलंस. मला ओट्यावर नाही सांगितलंस."

विजयलक्ष्मीच्या हातात तणाची मूठ तशीच राहिली.

"लाज वाटली," ती म्हणाली.

"हं," वाणी म्हणाली. "लाज." आणि पुन्हा वाकली. दोघींच्या मधलं तण संपलं तेव्हा ती पाटावर पाय धुवायला गेली.

"कॉफी घेऊन जा," विजयलक्ष्मीनं मागून हाक दिली.

"आज नको. नातवाला ताप आहे." चार पावलं जाऊन ती वळली. "कपाळ पूस, अक्का. भूत दिसतेस."

घरी येऊन विजयलक्ष्मीनं न्हाणीत कितीतरी वेळ कपाळ धुतलं. दिवा लावला. फोटोपुढे उभी राहिली, पण आज त्याला सांगण्यासारखं काही सुचेना. ओट्यावर येऊन बसली. समोरच्या घरात टीव्ही चालू होता, देवळात घंटा वाजत होती, आणि फोन वाजला. आज तर रविवार नव्हता.

पलीकडे उमेश होता. बोलायचं त्यानं बरंच ठरवून ठेवलं असावं, पण तोंडातून सवयीचं तेवढंच निघालं.

"आई, बरी आहेस ना?"

तिनं रिकाम्या ओट्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. त्यानं फोन ठेवला नाही.